दादाची बाहुली

३ फेब्रुवारी

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादा आमच्या ह्यांच्याबरोबर सुखरूप पोचला असेल. घंटी वाजली की त्याच्या छातीत धडधडतं म्हणून तुमचा फोन बंद असतो, तेव्हा पत्रच लिहिते.

आमच्या प्रयोगशाळेत माणसाला अंधाऱ्या खोलीत नुसतं बसवतात आणि कॅमेरा त्याच्या डोळ्यातल्या बाहुलीवर लावतात. तुझ्यामाझ्यासारखं माणूस जरा वेळाने पेंगतं आणि बाहुली लहानमोठी होत हेलकावते. दादाची शेवटपर्यंत हलली नाही. डॉक्टर म्हणाले, नैराश्यात पुष्कळांचं असं होतं. माणूस दिवसभर लोळताना दिसतो, पण मेंदू आत पहाऱ्यावर उभा असतो. म्हणून त्याला आळशी म्हणू नकोस. आणि एकटं सोडू नकोस, हे त्यांनी दोनदा बजावलंय.

बरी बाहुली कशी हलते ते दादाने मला खोदून खोदून विचारलं. घड्याळजीच तो, यंत्र दिसलं की राहवत नाही. मीही सगळं सांगून टाकलं.

मुलांना पापा. आठवण असू दे.

तुझी,
चिमणी

१९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्याने वाचलं, तर धाकटी विचारते, आत्या एवढी मोठी होऊन बाहुल्या खेळते का? तिला काय सांगू?

तुझे दादा पुन्हा दुकानात बसू लागलेत. जेवतात, माझ्या स्वयंपाकाला नावंसुद्धा ठेवतात, म्हणजे बरे झाले म्हणायचे. पुन्हा तपासणी कधी म्हणून त्यांनीच माझ्यामागे टुमणं लावलंय. मी मात्र अजून न्हाणीच्या दाराशीही कान लावून उभी असते ग. दमले.

जावईबापूंना नमस्कार सांग. माया आहेच, ती अशीच राहो.

तुझी,
वहिनी

४ मार्च

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तोंड गोड कर. काल दादाची बाहुली अशी हेलकावली की मला रडूच आलं. शेवटी तर तो खुर्चीतच घोरू लागला. डॉक्टर म्हणाले, पहारा उठला. आता चोवीस तास सोबत नको, तूही चार दिवस माहेरी जाऊन ये. जाताना दादाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणापासून टपलीच मारत आलाय, म्हणून नवल वाटलं.

पत्र टाकत जा, आम्ही वाट बघतो.

तुझी,
चिमणी

८ मार्च

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राने जिवात जीव आला. मुलांना घेऊन शुक्रवारी माहेरी निघते. ह्यांनीच आग्रह धरलाय.

हुरूप तरी किती! तुझ्याकडे यायच्या आधी दोन रात्री पाठ न टेकता दुकानातली सगळी घड्याळं दुरुस्त केली. मी चहा करून करून थकले. आल्यापासून ती घरोघर नेऊन देतायत. लोकांची वस्तू आपल्याकडे राहू नये म्हणतात. हत्यारंही समोरच्या दुकानदाराला देऊन टाकली, नवी घेणार असतील. रागावतात म्हणून नाहीत आता. किती शांत झालेत, तू बघायला हवंस.

खुशाल असा, आम्हीही आहोत.

तुझी,
वहिनी

शुक्रवार

वहिनी,

तुझं पत्र आत्ता मिळालं. दादा बरा झालेला नाही. दोन रात्री जागलेल्या कुणाचीही बाहुली त्या खोलीत हेलकावेल, आणि हे त्याला मीच शिकवलं होतं. आदल्या रात्री झोपलास का, एवढं विचारायचंही मला सुचलं नाही. आपण पहारा उठवावा म्हणूनच त्याने हे केलं.

तुझा फोन बंद आहे. दुकानाचा वाजतोय, कुणी उचलत नाही.

आमचे हे मिळेल त्या गाडीने निघतायत, त्यांच्या हाती हे पत्र देते. मी डॉक्टरांना घेऊन मागोमाग येते. तू निघाली नसशील तर निघू नकोस, त्याच्याजवळ बस, हात धरून बस. रागावू नकोस, काही विचारूही नकोस.

ह्यांना सांगितलंय, दार आतून बंद असलं तर पत्र खिशातच राहू दे, आधी दार फोडा.

चिमणी