होवरफ्लायच आहे

३ ऑगस्ट, रविवार
मोबाईलला लावायची मॅक्रो लेन्स आली. आजपासून माश्या. पक्षी कुणीही ओळखतं. रंकाळ्यावर दुर्बिणी घेऊन उभे असतात सगळे, बगळा दिसला की खूश. माशीला डोकं लागतं. स्नेहल म्हणाली, आधी ओट्यावरच्या हाकला. बायकोला विज्ञान कळत नाही.

६ ऑगस्ट
कीटकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोकांच्या सगळ्या फोटोंना नावं देऊन टाकली. कीटक ओळखायचं ॲप वेगळंच सांगत होतं. ॲपला काय कळतंय! मुस्कान म्हणून कृषी कॉलेजची मुलगी आहे. म्हणते, सर, पंख दिसल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. हल्लीच्या पोरांत आत्मविश्वासच नाही.

१० ऑगस्ट
कसबा बावड्याहून थोरल्या बहिणीचा, आक्काचा फोन. दोडक्याच्या मांडवात पिवळी माशी फिरतीय, फोटो बघ. पाहताक्षणी ओळखली. होवरफ्लाय! हिची पिल्लं पिकावरची मावा कीड खातात. शेतकऱ्याची मैत्रीण. बजावलं, फवारायचं नाही, सापळे लावायचे नाहीत. "तू म्हणतोस तर ऱ्हाऊ दे," म्हणाली. एकीला तरी माझी किंमत आहे.

११ ऑगस्ट
लोकांना शिकायला मिळावं म्हणून तोच फोटो ग्रुपवर टाकला. मुस्कान म्हणते ही फळमाशी, दोडक्यात अंडी घालते, आजच सापळे लावायला सांगा. वर म्हणते, तुमच्या बहिणीचा फोटो तुमच्यापेक्षा स्पष्ट आलाय. बाकीच्यांनी तिला अंगठे दिले. मेंढरं.

१६ ऑगस्ट
आक्का म्हणते दोडकी वाकडी व्हायला लागलीत, डिंक येतोय, सापळं लावू का? विचारलं, मैत्रिणींना मारणार? तिनं फोन ठेवला. मुद्दा पटला. उद्या स्वतः जाऊन बघणार होतो, पण 'फोटोवरून माशी' या व्याख्यानाची तयारी करायची आहे. अजून कुणी बोलावलेलं नाही. बोलावतील.

२४ ऑगस्ट, संध्याकाळ
बावड्याला गेलो. आक्कानं दोडका मोडून हातात दिला. आत अळ्या वळवळत होत्या. उरलेला सगळा माल म्हशीपुढं. तिचा आवाज एरवी गल्लीभर जातो, आज हळू बोलली. "तुझ्या शब्दावर आख्खा मांडव सोडलता की रं." मी म्हटलं, काही होवरफ्लाय अपवाद असतात. तिनं चहा टाकला. पिववेना.

२९ ऑगस्ट
आक्काचा फोटो. काकडीच्या वेलावरची माशी. खाली लिहिलंय, आता तरी नीट बघून सांग. पंख स्पष्ट, पट्टे स्पष्ट. चष्मा पुसून बघितलं. झूम करून बघितलं. शेवटी लिहिलं, 'माशी आहे.'
लगेच उत्तर आलं. "व्हय, एवढं मलाबी दिसतंय की."