फिरत्या चाकाची गळती

वरचीवाडी, मालगुंड
श्रावण वद्य तृतीया, १९८६

रा. रा. रावजीदादा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा भिवा याचा साष्टांग नमस्कार. इकडे मी, म्हैस आणि चाक असे तिघंही धडधाकट आहोत. (घरच्या चौथ्या माणसाची खुशाली मी काय कळवणार? ती सध्या तुमच्याकडेच खेडला आहे.) राहीवहिनींची कंबर आता कशी आहे? जगबुडीचं पाणी बाजारात शिरलं नाही ना? विमला वेळेवर जेवते का? रागात असली की ती नुसत्या पेजेवर दिवस काढते, म्हणून विचारलं. दुसरं काही नाही.

पत्रास कारण एवढंच, की तुमचं पंपदुरुस्तीचं दुकान आहे आणि मला दोन चांगली बॉल बेअरिंगं हवी आहेत. विमलाने माझ्या चाकाबद्दल तिकडे काय काय सांगितलं असेल याची मला पुरती कल्पना आहे. निघताना ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "ह्या घरात यक तर ह्ये चाक ऱ्हाईल, नायतर मी ऱ्हाईन." त्यावर मी एक अक्षरही लिहिणार नाही. मी फक्त चाकाची बाजू मांडतो, कारण ती मांडणारा मालगुंडात माझ्याशिवाय कोणी नाही.

आमच्याकडची वीज तुम्हाला माहीत आहे. दिवसभर असते, आणि दिवेलागणीला, म्हणजे जेव्हा तिचं काम असतं नेमकी तेव्हा, जाते. गणपती तोंडावर आल्यामुळे वाडीतल्या सगळ्या बायकांची शिलाई विमलाकडे आलेली. आषाढात एका संध्याकाळी चिमणीच्या उजेडात शिवताना मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली. तिने बोट तोंडात धरलं, चिंधी बांधली आणि पुन्हा शिवायला बसली. मला ते बघवलं नाही, दादा. त्याच क्षणी मी ठरवलं, की या घरात संध्याकाळी उजेड पडलाच पाहिजे, मग त्यासाठी काय वाटेल ते करावं लागो.

आता चाक. आमची भातगिरण पूर्वी तेलाच्या इंजिनावर चालायची. वीज आल्यावर इंजिन विकलं, पण त्याचं एक बिडाचं चाक फणसाखाली राहून गेलं. (त्यावर कोंबड्या बसायच्या. त्या अजून माझ्यावर रुसून आहेत.) ते इंजिन बंद केल्यावरही कितीतरी वेळ फिरत राहायचं, हे मला आठवलं. मग मी म्हटलं, वीज असताना गिरणीच्या मोटरीने हे चाक गरगर फिरवून ठेवावं, आणि वीज गेली की त्याच्या फिरण्यावर सायकलचा डायनामो चालवून पडवीत दिवा लावावा. कणगीत भात साठवतात तशी चाकात वीज साठवायची! शेजारचा भागोजी म्हणाला, "भिवा, कनगीला बी उंदीर लागतात रं." तो चेष्टेने बोलला, पण बोलला ते खरं ठरलं.

चाकाला पहिला उंदीर लागला तो आसाजवळ. वीज घालवून (म्हणजे मीच फ्यूज काढून) पाहिलं, तर भागोजीची विडी पेटायच्या आत दिवा विझला. आस ज्यांत फिरतो त्या पितळी बुशांना हात लावला तर चटका बसला. चाकाचा सगळा जोर घासण्यात जाऊन त्याची नुसती उष्णता झालेली. मी घरातलं खोबरेल ओतलं. दिवा थोडा जास्त टिकला, पण तेल असं तापलं की भागोजी कुंपणावरून विचारतो, "श्रावणात कुनाकडं वडं तलतायत रं?" दुसरा उंदीर म्हणजे वारा. आऱ्या पंख्यासारख्या हवा कापत होत्या. जितकं जोरात फिरवावं तितका वाराच जास्त, आणि त्या वाऱ्याने गिरणीतला सगळा कोंडा उडून विमलाने कापून ठेवलेल्या झंपरांवर जाऊन बसला. मी डब्यांचे पत्रे ठोकून आऱ्या बंद केल्या. मग तिसरा उंदीर कळला. चाक एका अंगाला जड होतं. ते जोरात फिरलं की जमीन हादरायची आणि माझी साठवलेली वीज जांभ्याच्या जोत्यातून थेट भागोजीच्या घरात जायची. तिकडे दिवा लागला असता तर मी काही बोललो नसतो. पण तिकडे फळीवरची भांडी पडली, आणि भागोजीची बायको चिमा त्यातला चेपलेला तांब्या घेऊन माझ्या दारात आली. मी तिची माफी मागितली, चाकाच्या हलक्या अंगाला लोखंडाचा तुकडा बांधला आणि पुन्हा मोटर सुरू केली. मी हार मानणारा नव्हतो.

चौथा प्रकार तर सांगण्यासारखा नाही, तरी सांगतो. सगळं जुळवून एका संध्याकाळी मी वीज जायची वाट पाहत बसलो, आणि वीज गेलीच नाही! चाक नुसतं भरधाव ठेवायलासुद्धा मोटर एकसारखी चालवावी लागत होती. काही काम न करता ते जावयासारखं बसून खात होतं. (हे स्वतः जावई असून लिहितो आहे, याची नोंद घ्यावी.) त्यातच कळलं, की दिवा न लावताही डायनामो चाकाला मागे ओढतो. म्हणून तो वीज गेल्यावरच जोडायचा, अशी युक्ती काढली. जोडायला एक उत्तम चामडी पट्टाही मिळाला.

आणि गेल्या सोमवारी ते घडलं. वीज गेली, मी पट्टा चढवला आणि पडवीत मशीनच्या सुईवर पिवळाधमक उजेड पडला! भागोजीची एक विडी संपून दुसरी पेटली तरी दिवा जळत होता. मी ओरडलो, "विमला, ये, बस शिवायला!" ती आली, दिव्याकडे पाहून हसली (खरंच हसली, दादा, भागोजी साक्षीला आहे), मशीनवर बसली आणि तिने पायटा दाबला. पुढे काय झालं त्यावर मी वर लिहिल्याप्रमाणे एक अक्षरही लिहिणार नाही. सकाळच्या एसटीने ती खेडला निघून आली.

तेव्हा पितळी बुश काढून बेअरिंगं घालायची, हा माझा निश्चय आहे. चाक मी मोडीत घालणार नाही. राहीवहिनींना नमस्कार. कळावे.

तुमचा,
भिवा

ता. क. विमलाने सांगितलं नसेल तर मीच सांगतो. तो चामडी पट्टा तिच्या मशीनचा होता. तिने पायटा दाबला, मशीन हललं नाही, आणि पट्टा कुठे गेला हे तिला त्याच दिव्याच्या उजेडात लख्ख दिसलं. सबंध वाडीची शिलाई पडलेली असताना मी तिचं मशीनच बंद केलं, हे मला तेव्हा सुचलं नाही. आता पट्टा जागेवर बसवला आहे. डायनामोला काथ्याचा सुंभ बांधून पाहतो आहे. तो घसरतो, पण राख चोळली की धरतो.

पुन्हा ता. क. वाडीतल्या बायका रोज येऊन कपडे विचारतात. गौरी आणायला घरची बाई लागते, आणि चाकाला काही मी गौरीपुढे उभं करू शकत नाही. रोज दिवेलागणीला दिवा लावतो. चांगला जळतो. त्याच्या उजेडात नुसतं मशीन दिसतं. बेअरिंगं पार्सलने पाठवू नका, गहाळ होतात. घरच्याच खात्रीच्या माणसाच्या हाती द्या. मी एसटीच्या थांब्यावर येऊन उभा राहीन.

आणखी एक. बेअरिंगं नाही मिळाली, तर ते माणूस नुसतंच आलं तरी चालेल.