दोन उमेदवार अन् माही बाज

सुपेला, भिलाई
नवीन वर्षाचा पहिला आठवडा

चिरंजीव भाऊ शेषराव यास थोरल्या बहिणीचा, सिंधूचा, प्रभूच्या नावानं सलाम अन् पोटभर आशीर्वाद.

इकडं आमी सगळे ठीक आहो, माहे गुडघे सोडून. ते दोघं माह्यासंग बोलत नाहीत, त मीही त्याइले मनवत नाही. तुही शुगर कशी आहे? नाताळात करंज्या किती खाल्ल्या ते कमलाले विचारून लिही. तुह्या मनानं लिहू नको, तू बायकोले भेतो अन् कागदाले भेत नाही.

तुहं पत्र इलेक्शनच्या आधीच भेटलं. विश्वासणाऱ्यानं विश्वासणाऱ्यालेच मत द्यावं, दुसऱ्याले देणं म्हणजे पाप, असं तू लिहलं. त्याच्याखाली बायबलातली वचनं लिहली अन् वचनाइच्या खाली लाल शाईनं रेघा ओढल्या. रेघा पाहून मले समजलं का हे तुह्या मनचं आहे. देव बोलते तवा त्याले रेघ ओढा लागत नाही. पण तू चर्चच्या मंडळीत उभा राहून वाचणारा माणूस, अन् मी मिशनच्या शाळेत चौथीतच बाराखडीले कंटाळलेली, म्हणून तुह्या म्हणण्याचा मी विचार केला. आता त्या विचाराचं काय झालं ते आयक.

आमच्या वार्डात पार्षदासाठी, तुमी नगरसेवक म्हणता त्याच्यासाठी, दोघंच दमदार होते. एक आपल्याच मंडळीतला दयाराम. (त्याचा बाप क्वायरमंधी ढोलक वाजवे अन् उपदेश सुरू झाला का झोपे, तोच.) दयाराम पोरगा वाईट नाही, पण फॉर्म भरला तसा त्याच्या गळ्यातला क्रूस वाढत गेला. आधी बोटाएवढा होता, प्रचार संपतासंपता माह्या पोळपाटाएवढा झाला. घरोघरी जाये अन् म्हणे, "आजी, मी प्रभूचा माणूस." म्या म्हटलं, "प्रभूले मालूम आहे का?" दुसरी आमच्या गल्लीतल्या नरेशची पोरगी प्रेरणा. जयभीमवाले लोक ते, नरेश अन् तुहे भाऊजी प्लांटमंधी एकाच पाळीत होते. ती आली, पाया पडली अन् सरळ म्हणे, "आजी, देव काही मी मानत नाही. पुलिया मानते."

आता पुलियाचं, म्हंजे नाल्यावरच्या लहान पुलाचं, सांगा लागते. आपलं कब्रस्तान नाल्याच्या पल्ल्याड. दोन बरसातीमांगं पुलिया वाहून गेली, तवापासून तिथं दोन लाकडं टाकली आहेत. आपल्या मंडळीतला लहानू मास्तर वारला तवा खांदेकरी त्या लाकडावरून घसरले अन् मास्तर पेटीसकट नाल्यात. जो माणूस जिंदगीभर भांडला का बाप्तिस्मा एकदाच घ्यावा, त्याचा मेल्यावर दुसरा झाला. लोकं रडता रडता हासले, पण मले हासू आलं नाही. तुह्या भाऊजीच्या बाजूची जागा माही आहे, म्या ती कवाचीच धरून ठेवली. त्याइचे कोळशानं काळे झालेले कपडे धुण्यात माहा जन्म वल्लाच गेला, निदान त्याइच्याजवळ त मले सुकी जाचं आहे. मले इलेक्शनमंधी एवढंच पाहिजे होतं.

म्हणून नाताळाच्या आधीच्या रविवारी उपासना सुटल्यावर दोघं उमेदवार गेटपाशी हात जोडून उभे होते, तिथंच म्या सांगतलं, "ज्याले माहं मत पाहिजे त्यानं मले आज बाजेवर टाकून कब्रस्तानात पोचवून दाखवा. मेल्यावर तुमी काय करता ते मले दिसणार नाही, म्हणून जित्तेपणी पाहून घेतो." पास्टरसाहेब म्हणे, "आजी, हे शोभते का?" म्या म्हटलं, "तुमी त समोरचा पाय धरा." मंग समोरून पास्टरसाहेब अन् दयाराम, मांगून माहा पोरगा राहुल अन् प्रेरणा. मी बाजेवर चादर घेऊन झोपली. (झोपल्याशिवाय वजनाचा अंदाज येत नाही.) मांगं अर्धा वार्ड. सुपेल्याच्या बाजारातून निघालो त लोकं बाजूले सरकून हात जोडाले लागले. एका भाजीवाल्यानं टोपी काढली, माह्या पायावर झेंडूचं फूल टाकलं. त्याच्या टोपल्यात वटाणा चांगला दिसला म्हणून मी उठून बसली अन् भाव विचारला. तो टोपलं सोडून जो पळाला तो सीधा सिविक सेंटरलेच थांबला असंन. राहुल म्हणे, "अम्मा, लेटी रहो ना." पोराले लाज आली का मराठी सुटते त्याची.

नाल्यापाशी आलो. तिथं दयारामले वाटलं का एवढी पब्लिक जमली आहे, मौका आहे. लाकडावर पाय ठेवता ठेवता मोठ्यानं म्हणे, "आपण प्रार्थना करू या." आता तुले मालूम आहे, शेषराव, आपल्या लोकाइले लहानपणापासून कसं वळण आहे. "प्रार्थना करू या" आयकलं का पापण्या आपोआप पडतात, मंग हातात दुधाचं गंज असो का म्हातारी. दयारामनं डोळे मिटले. पास्टरसाहेबानं मिटले. राहुलनं मिटले. मांगं अर्ध्या वार्डानं मिटले. अन् खोटं कावून बोलू, म्याही मिटले. उघडे होते ते एकट्या प्रेरणाचे, कारण तिले कोणी शिकवलंच नव्हतं.

ती वरडली, "अहो, डोळे उघडा." तवापर्यंत समोरचे दोघं गुडघाभर गाळात होते अन् मी बाजेवरून पायाकडून घसरून राहिली होती. राहुल घाबरून मांगं पडला. तर त्या पोरीनं दोन्ही टाचा मातीत रोवल्या, पदर दातात धरला अन् मांगची बाजू एकटीनं तोलली. खाली दयारामनं बाजेचे समोरचे पाय आपल्या डोक्यावर घेतले. मी अधांतरी. तितक्यात मांगून कोणतरी भाविक "आमेन" म्हणाला. मले एवढं हासू आलं का चादर सुटली. मंग सारेच हासले, प्रेरणा हासली, नाल्यातले पास्टरसाहेब हासले, अन् मी जशी गेली होती तशी कोरडी घरी आली. दयाराम मातर हासला नाही, क्रूसावरचा गाळ पुसत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी नळावर बायाइनं विचारलं, "आजी, मंग कोणाले देऊ?" म्या सांगतलं, पास्टर निवडाचा असंन त तो डोळे मिटून काय बोलते ते पाहा, अन् पार्षद निवडाचा असंन त तो डोळे उघडून पाय कुठं ठेवते ते पाहा. देवाच्या घरी कोण जाते ते देव पाहून घेईन, नाल्यापर्यंतचं आपल्याले पाहा लागते. हेच तुह्याही पत्राचं उत्तर समज अन् त्याच्याखाली रेघ ओढ.

कमलाले, लेकराइले सलाम. तुही ताई, सिंधू.

ता.क. प्रेरणा निवडून आली. नाल्यापाशी सिमेंटचे मोठे पाइप येऊन पडले आहेत. पेढे घेऊन पहिले माह्याचकडं आली अन् म्हणे, "आजी, हे तुमच्या मतानं झालं." म्या पेढा तोंडात टाकला. तोंड भरलेलं असलं का खोटं बोला लागत नाही.

ता.क. दुसरा. हे कमलालेही वाचून दाखवू नको. म्या बटन दयारामचं दाबलं. क्रूस पाहून नाही. बाज डोक्यावर पडली तवा त्याच्या तोंडून एक अस्सल वऱ्हाडी शिवी निंघाली, अगदी तुह्या भाऊजीच्या तोंडची. साऱ्या प्रचारात तो तेवढंच मनापासून बोलला, अन् बोलतानी बाज सोडली नाही. त्याच्या बायकोनं नळावर मले कानात सांगतलं होतं का ती प्रेरणाले देणार आहे. म्हटलं, घरचं नाही त निदान बाहेरचं एक असू दे बिचाऱ्याले.

ता.क. तिसरा. तुह्या पत्राच्या मांगच्या बाजूले बारीक अक्षरात लिहलं होतं, ते म्या चष्मा लावून वाचलं. मंडळीच्या पंचाइच्या निवडणुकीत तू उभा आहे अन् तिकडच्या साऱ्या नातेवाइकाइले म्या तुह्यासाठी सांगावं. सांगतो. पण आधी इकडं ये. पुलिया झाली का तिच्यावरून मले एकदा नेऊन पाहाचं आहे, अन् पास्टरसाहेब आता समोरचा पाय धराले तयार नाहीत. येतानी करंज्या आण, प्रार्थना घरूनच करून ये.