सागाच्या पानांवरचे ठिपके

मंगळवार संध्याकाळ, धुळे

अजून राग गेलेला नाही. वर्षभर साक्रीकडच्या जंगलात फिरून सागाची पानं तपासली. जमिनीलगतच्या ओझोनचा झाडांना किती धोका आहे, एवढंच सांगायचं होतं. आज साहेबांनी माझ्या अहवालात परस्पर लिहून टाकलं, 'धोका नाही.' का? तर ऑफिसच्या गच्चीवरचं ओझोन मोजायचं यंत्र कमी आकडा दाखवतं! अहो, शहरातला धूर उन्हात तापत वाऱ्याबरोबर डोंगराकडे जातो, ओझोन तिकडे वाढतो.

मी सागाचं एक पान त्यांच्या टेबलावर ठेवलं. उन्हाकडच्या बाजूला तपकिरी ठिपके, दुसऱ्या पानाखाली झाकलेला भाग मात्र स्वच्छ.

"कीड असेल, मॅडम. सही करा."

कीड काय सावली बघून थांबते? ते ठिपके त्यांना दिसले नाहीत, की बघायचेच नव्हते?

"आधी जंगलात यंत्र बसवा," म्हटलं आणि सही न करता उठले. काम काढून घेतलं माझ्याकडून. घ्या!

नंतर त्या जंगलालगतच्या गावच्या वनसमितीतल्या नानांचा फोन. "आमना साग वाची का, ताई?"

"वाचेल का ते माहीत नाही, नाना. तिथली हवा कोणी मोजलीच नाही."

"मंग ग्रामसभामा या. बठ्ठासले हाईच सांगा."

जाणार. कुणाची परवानगी न मागता जाणार आणि सगळ्यांना हेच सांगणार.