आईच्या हातचे खास कटलेट

३ एप्रिल
भावोजींचं पुन्हा तेच — "वहिनी, मैदा वाढवा. मटण परवडत नाही. पर्यटकांना काय कळतंय?" खानावळ त्यांची, बोलणी मात्र मी खायची! मैद्यानं कटलेट कणकेच्या गोळ्यासारखे लागतात, हे कितीदा सांगितलं. भिंतीशी बोललेलं बरं.

५ एप्रिल
मैदा घातलाच नाही. परसातली कुयरी काढली — अगदी कोवळा फणस. उकडली, हातानं पिंजली. मटणासारखेच धागे सुटले! शिजलेल्या खिम्यात मिसळली, वर गेल्या वर्षी वाळवलेल्या फणसाच्या आठळ्यांचं पीठ. तव्यावर एकही फुटला नाही, रस सगळा आत. उभ्या उभ्या दोन खाल्ले. कुणाला सांगू?

९ एप्रिल
गिऱ्हाईक मागून घेतंय. भावोजी म्हणतात, "बघा, मी सांगत नव्हतो?" धन्य!

१४ एप्रिल
दारावर फ्लेक्स लागला — 'आईच्या हातचे खास कटलेट'. वर सासूबाईंचा फोटो, गळ्यातली तुळशीची माळसुद्धा स्पष्ट दिसते! माळ घातल्यापासून त्यांनी मटणाला बोट लावलेलं नाही. खिमा शिजत असला की पडवीत जाऊन बसतात. आणि म्हणे त्यांच्या हातचे!

"आईचं नाव लावलं की लोकांचा विश्वास बसतो," इति भावोजी. मग माझे हात कुणाचे?

सासूबाई फ्लेक्स बघून आल्या. काही बोलल्या नाहीत. मुलापुढे कधी बोलल्यात? भावोजींचं सोडा, पण त्यांचं गप्प राहणं फार लागलं मला.

१५ एप्रिल
जहाजावरून ह्यांचा फोन. सगळं सांगितलं. "घरातलंच आहे ना? जमवून घे." मग रेंज गेली. बरी जाते वेळेवर.

२० एप्रिल
मुंबईचा कुणी व्हिडिओवाला आला होता. भावोजी कॅमेऱ्यापुढे — "हे आमच्या आईचं गुपित!" मी आतून ताटल्या सरकवत होते. व्हिडिओत माझी नुसती बांगडी दिसते.

२१ एप्रिल
आज कुयरी नाही, पीठ नाही. निव्वळ मटण! आता ठेवा नावं.

कटलेट तव्यावरच सुटायला लागले. जे टिकले ते कोरडे ठाक. एक गिऱ्हाईक म्हणालं, "आज भेसळ केलीत का हो?" आधी हसू आलं, मग रडूच फुटलं.

भावोजी धावत आत. "काय घातलंत आज?"

"काही नाही. गुपित आईंना विचारा!" बाहेर ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं.

भावोजी लालबुंद. "कृती मुकाट्यानं सांगा, नाहीतर पावसला माहेरी चालत्या व्हा." सासूबाई पडवीत होत्या. सगळं ऐकलं.

जाते. माहेरच्या परसातही फणस आहेत. तिथे चूल मांडीन, पाटीवर माझं नाव लिहीन. एकटीनं जमेल का, देव जाणे. पण इथे आता घास उतरायचा नाही.

२२ एप्रिल, पावस
सकाळी पिशवी घेऊन निघाले, तर पायरीवर सासूबाई. मांडीवर बोचकं!
"चल गो, एस्टी चुकेल. खिम्याला हात नाय लावायची मी. पण कुयरी पिंजायला माळ आड येत नाय."