दादांचा कापूस, माझी इंपाला

६ ऑगस्ट ९४, केदारखेडा
पेपरच्या बातमीसाठी जुन्या जालन्यात गेल्तो, भंगारवाल्याकडून इंपाला मोटार विकत घेऊन ठेवली. अमेरिकन, आठ सिलिंडर. वय माझ्याहून कमी, तब्येत माझ्याहून वाईट. उद्या भट्टीत जाऊन तिच्या सळया व्हायच्या होत्या. होऊ दिल्या न्हाईत.

७ ऑगस्ट
ट्रॅक्टरला बांधून आणली. अर्धं गाव मागं. दादा, म्हणजे थोरले बंधू, घरचे कर्ते: "तू संस्कृत शिकलास तवाच मी आशा सोडली." बायकोचा अभिप्राय: "पानी तापवायचा बंब मागितल्ता मी."
गाडी कापसाच्या शेडमध्ये. दादांची अट: पहिली वेचणी घरी येईपर्यंत चालू झाली तर बरं, न्हाईतर परत भंगारात.
बघू.

२१ ऑगस्ट
जालन्याचा मिस्त्री येऊन गेला. "गुरुजी, इंजन बिलकुल जाम. छोड दो." आत्मा अमर असतो, पिस्टनचं शास्त्रात काही सांगितलेलं न्हाई. मिस्त्री सोडला, गाडी न्हाई. रोज इंजिनात थोडं डिझेल ओतून मीच पान्हा चालवतो.

१२ सप्टें.
दुपारी शेडमध्ये गेलो तर ही मागच्या सीटवर गाढ झोपलेली. जागी झाल्यावर म्हणाली, "दार लावलं की कुनाचीच हाक ऐकू येत न्हाई हो." एवढ्या गोतावळ्यात पहिल्यांदाच तिला दार मिळालं. आता रोज येते. मी गाडीखाली, ही वर.

४ ऑक्टो.
इंजिन फिरलं! एक धडाका, मग नुसता धूर. कोंबड्या अजून फरार.
दादा: "झाली हौस? बोलवू का भंगारवाल्याला?"
"बोलवा. गाडीचा आरसा राह्यलाय त्याच्याकडं, घेऊन ये म्हणावं."

१९ ऑक्टो.
वेचणी आली. अंगणात कापसाची ट्रॉली, तिच्यामागं भंगारवाल्याचा ट्रक. शेडमध्ये बघतो तर ही मागच्या सीटवर, डोक्यावर पदर, मांडीवर मेथी.
थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी बोलायचं न्हाई, ही दादांनीच आजवर पाळलेली शिस्त. तिच्याकडं पाठ करून मला म्हणाले, "उतर म्हन तिला."
सांगितलं.
"त्यांना सांगा, मेथी निवडून राह्यले."
"मंग, निवडल्यावर?"
"मंग तांदूळ हायेत."
ट्रकवाला विचारतोय, साखळी लावू का. मी पुढच्या सीटवर बसून हे लिहितोय. दादा अजून पाठ करूनच उभे.