मधल्या खिळ्यावरचा सेनापती

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा फोटोंना फ्रेमा करण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. बायकोचे मत वेगळे आहे, पण ते कोणी लेखी मागितलेले नाही.

१. वरची खोली, खालचे दुकान व बँकेतली शिल्लक बायकोला. काच कापायची हिरकणी आणि सगळी हत्यारे लेकीला, कारण दुकान तीच चालवणार. जावयाने हातोड्याला हात लावू नये. मागच्या वेळचा अंगठा आठवावा.

२. सेनापतींचे सही केलेले एक्केचाळीस फोटो. अडतीस वर्षे मी मोठमोठ्या सेनापतींना फोटो पाठवून सह्या मागितल्या. एकाने "हा मी नव्हे" असे लिहून खाली सही केली. सही खरी आहे, म्हणून तोही भिंतीवर आहे. बायको म्हणते, एवढी माणसे रोज माझ्या ताटात बघतात. तेव्हा चाळीस फोटो गल्लीतल्या वाचनालयाला द्यावेत. ग्रंथपाल बाई "बघू" म्हणाल्या आहेत. तो मी होकार धरतो.

३. मधला, सगळ्यात मोठा फोटो धाकट्या भावाला. तो गणवेश शिवणारा शिंपी, त्याचे दुकान वरच्या मजल्यावर, माझ्या खोलीला भिंतीला भिंत लागून. संचलनात मला हा गृहस्थ दिसला: अंगभर जरीच्या दोऱ्या, डोक्यावर तुरा, हातात चांदीच्या मुठीची काठी. एवढी जरी म्हणजे सर्वांत मोठा साहेब, असे मी धरून चाललो. फोटो काढला, त्याच्याकडून सही घेतली, खाली "सरसेनापती" अशी पट्टी लावली. लेकीच्या सासरची माणसे पहिल्यांदा जेवायला आली, तेव्हा धाकटा सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, हा बँडमास्तर आहे. असले कपडे मी शिवतो." मी त्याला भरल्या ताटावरून उठवले.

दुसऱ्याच दिवशी भिंग लावून पाहिले. बाहीवर छोटेसे वाद्य भरलेले होते. हे कबूल करायला मला अकरा वर्षे लागली, याची लाज वाटते. त्या वर्षांत आम्ही एक शब्द बोललो नाही. मधल्या फोटोचा खिळा भिंतीतून आरपार त्याच्या दुकानात निघाला आहे. त्याने तो कापला नाही. त्यावर तो मापाची टेप अडकवतो. टेप काढली की माझा सेनापती हलतो. रोज सकाळी तो हलेपर्यंत मला चहा गोड लागत नाही.

४. (याच बैठकीत वाढवलेले.) दुसरा साक्षीदार म्हणून मी धाकट्याला बोलावणे धाडले. तो येईल असे वाटले नव्हते. आला, चष्मा लावून सगळे वाचले, दोन ठिकाणी नाक पुसले. वकील म्हणाले, ज्याला वाटा मिळतो त्याने साक्ष करू नये, काय ते एक ठरवा. धाकट्याने पेन मागून घेतले.

"दादा, फोटो राहू दे तुझ्याकडेच. मी सही करतो. आणि गुरुवारी दवाखान्यात मी असणार आहे."

सबब फोटो धाकट्याला देण्याचे रद्द. तो बायकोकडे राहील. ती म्हणते, सगळ्यांत तो एकटाच हसरा आहे.

५. मूळ कागद वकिलांकडे राहावा. या शेवटच्या पानाची झेरॉक्स मी आजच फ्रेम करून बँडमास्तरच्या शेजारी लावणार आहे, कारण एवढी मेहनत मला कुठल्याच सहीसाठी पडलेली नाही. मधला खिळा कोणी काढू नये. त्यावर धाकट्याची टेप असते.

ठिकाण: दुकानावरची खोली. मंगळवार, दुपारी चार.

लिहून देणार: फ्रेमवाला (सही)
साक्षीदार १: आमचे डॉक्टर (सही, वाचता येत नाही)
साक्षीदार २: धाकटा (सही, स्वच्छ)